रिपोर्ट चांगला आला, पण जुळला नाही

हाताला काहीच लागत नव्हतं. दुखत नव्हतं, बोंडातून पाणी येत नव्हतं, माहेरी-सासरी कुणाला स्तनाचा कॅन्सर नव्हता. आमच्या बँकेनं पन्नाशी ओलांडलेल्या महिला कर्मचाऱ्यांच्या मॅमोग्राफीचा, म्हणजे स्तनांच्या एक्स-रेचा, खर्च द्यायचं ठरवलं आणि यादीत माझं नाव आलं, एवढ्यावर मी कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका सेंटरमध्ये गेले. दारात नेहमीचा बोर्ड, ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही’. आत बसलेल्यांत निम्म्या गरोदर मुली आणि उरलेल्या आम्ही.

मॅमोग्राफीत प्रत्येक बाजूचे दोन फोटो काढतात, एक वरून आणि एक तिरका. स्तन दोन पाट्यांमध्ये दाबून धरतात. दुखतं, पण काही सेकंदच. माझं आवरल्यावर टेक्निशियन मुलगी म्हणाली, “काकू, कपडे घालू नका. मॅडमनी डावीकडचा आणखी एक सांगितलाय.” हा जास्तीचा फोटो लहान पाटीनं एकाच जागी दाबून काढला. मग आतल्या खोलीत सोनोग्राफी. मॅडम, म्हणजे तिथल्या रेडिओलॉजिस्ट, फोटो वाचणाऱ्या डॉक्टर, एरवी बोलक्या वाटल्या, पण डाव्या बाजूला आल्यावर गप्प झाल्या आणि प्रोब एकाच जागी बराच वेळ फिरवत राहिल्या. तिथंच मला कळायचं ते कळलं.

रिपोर्टात लिहिलं होतं : डावा स्तन, वरचा बाहेरचा भाग, घड्याळाच्या दोनच्या जागी, बोंडापासून ६ सेंटिमीटरवर, ९ मिलिमीटरचा भाग, आर्किटेक्चरल डिस्टॉर्शन, म्हणजे आतली रचना ओढली गेलेली. शेवटी ठळक अक्षरात ‘बायरॅड्स ४सी, बायोप्सी करावी’.

घरी पोचेपर्यंत मुलानं मोबाइलवर सगळं काढून ठेवलं होतं. बायरॅड्स ही अमेरिकेतल्या रेडिओलॉजिस्टांच्या संस्थेनं केलेली श्रेणी आहे, १९९३ पासूनची. शून्य ते सहा. एक-दोन म्हणजे काळजी नाही. तीन म्हणजे बहुतेक साधं, कॅन्सरची शक्यता २ टक्क्यांपर्यंत. चारचे तीन भाग : ए, बी, सी. ४सी म्हणजे शक्यता ५० टक्क्यांच्या वर आणि ९५ च्या खाली. पाच म्हणजे ९५ च्या पुढं. मुलगा इंजिनिअर, त्यामुळं त्यानं मला हे आकडे तक्त्यासकट समजावले आणि मग स्वतःच बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ नळ सोडून बसला.

सर्जनांनी हातानं तपासलं. त्यांनाही काही लागलं नाही. आधी ते म्हणाले, बारीक सुईनं पाणी काढून तपासू. मग रिपोर्ट नीट वाचून स्वतःच बदलले : त्यात नुसत्या सुट्या पेशी येतात, इथं रचना बघायला पाहिजे, तेव्हा जाड सुईनं तुकडे काढू. माझा इन्शुरन्स ज्या हॉस्पिटलात कॅशलेस होता तिथली चिठ्ठी त्यांनी लिहून दिली. चिठ्ठीवर इंग्रजीत तीनच शब्द होते : लेफ्ट ब्रेस्ट बायोप्सी.

त्या हॉस्पिटलचं नाव मी लिहिणार नाही. लोक वाईट नव्हते. सोनोग्राफी करणारे डॉक्टर तरुण होते, घाईत होते. चिठ्ठी वाचली, प्रोब लावला, एक काळसर भाग सापडला, भूल दिली आणि तुकडे काढले. मॅमोग्राफीच्या फिल्मची ती मोठी पिशवी आमच्या ह्यांच्या मांडीवर बाहेर होती. ती कुणी मागितली नाही. कुठल्या जागी, घड्याळाच्या कितीवर, किती सेंटिमीटरवर, हे सगळं त्या पिशवीत होतं.

तुकड्यांची बाटली आमच्याच हातात दिली, शाहूपुरीतल्या लॅबमध्ये पोचवायला. पाऊस होता, परीख पुलाखाली पाणी साचलेलं, गाड्या दोन्हीकडून तुंबलेल्या. ॲक्टिव्हावर मागं बसून मी ती बाटली पदरात धरलेली. “उशीर झाला तर घरी नेऊन फ्रीजमध्ये ठेवायची का?” असं ह्यांनी विचारलं. (नाही. फॉर्मॅलिनमध्ये बुडवलेला तुकडा फ्रीजमध्ये ठेवायची गरज नसते, हे लॅबमधल्या मुलानं नंतर हसत सांगितलं.)

रिपोर्ट आला : फायब्रोसिस्टिक बदल (तंतू वाढणं आणि पाण्याच्या बारीक गाठी, साधा प्रकार), कॅन्सरच्या पेशी नाहीत. सर्जन गावाला गेले होते. त्यांच्या असिस्टंटनं रिपोर्ट बघून सांगितलं, “एकदम क्लिअर आहे काकू. सहा महिन्यांनी दाखवा.” सासूबाईंनी त्याच संध्याकाळी अंबाबाईची ओटी भरली. मीही पेढे वाटले, आणि त्याचं मला आजही काही वाटत नाही. त्या दिवशी ते पेढ्याचंच काम होतं.

राजारामपुरीतल्या सेंटरमध्ये मी परत गेले ती बँकेला द्यायच्या बिलासाठी. पावतीवर नाव चुकलं होतं. काउंटरवर उभी असताना मॅडम बाहेर आल्या. त्यांनी ओळखलं आणि पहिलाच प्रश्न केला, “बायोप्सीचं काय झालं?” मी आनंदानं सांगितलं. त्यांचा चेहरा काही खुलला नाही. “रिपोर्ट आहे का जवळ? आत या.”

त्यांनी रिपोर्ट दोनदा वाचला, मग स्क्रीनवर माझे फोटो लावले. पेनाच्या टोकानं दाखवलं. स्तनातल्या पांढऱ्या रेषा एरवी बोंडाकडे जात असतात. डावीकडे एका जागी त्या सगळ्या बाजूंनी एका बिंदूकडे ओढल्या गेल्या होत्या. आधी रिपोर्टात वाचलं होतं, पण डोळ्यांनी पहिल्यांदाच बघत होते. एकदा दिसलं की नजर दुसरीकडे जातच नाही.

“हा लॅबचा रिपोर्ट चुकीचा आहे असं मी म्हणत नाही,” मॅडम म्हणाल्या. “त्यांना जो तुकडा मिळाला, त्यात त्यांनी जे बघितलं ते लिहिलंय. पण फायब्रोसिस्टिक बदलानं रेषा अशा ओढल्या जात नाहीत. तो बदल तर बऱ्याच बायकांच्या कुठल्याही जागेत सुई घातली तरी मिळेल. माझ्या फोटोत जे दिसतंय त्याचं उत्तर या कागदात नाही.”

मी बँकेत बरीच वर्षं शाखा आणि मुख्य कार्यालयाच्या खात्यांची जुळवणी केली आहे. दोन्ही वह्या आपापल्या जागी अगदी बरोबर असतात, बेरजा चोख असतात, तरी फरक राहतो. आणि फरक राहिला म्हणजे कुठलं तरी व्हाउचर कुठं तरी पडलंय. त्यामुळं मॅडमचं म्हणणं मला पुढचं वाक्य यायच्या आत पटलं. ह्यांना पटवायला मात्र दोन दिवस गेले.

मॅडमनी जे समजावलं ते असं. बायोप्सीचा रिपोर्ट आला की फोटो आणि तुकडा समोरासमोर ठेवून बघायचं असतं. फोटो साधा, तुकडाही साधा, तर विषय मिटला. फोटो वाईट, तुकडाही वाईट, तर उपचार सुरू. फोटोत फारसं काही नाही पण तुकड्यात कॅन्सर, तर तुकड्याचं ऐकायचं. मधल्या काही गाठी असतात, धड साध्या नाहीत, धड कॅन्सर नाहीत. त्यांचा वेगळा विचार. आणि फोटो वाईट पण तुकडा साधा, हा सगळ्यांत फसवा प्रकार, कारण घरी सगळे खूश असतात. याला ते डिस्कॉर्डंट म्हणतात, म्हणजे न जुळणारं. इथं सहा महिने थांबायचं नसतं. सुई बाजूनं गेली का, तुकडा पुरेसा होता का, हे शोधायचं आणि गरज पडली तर परत बायोप्सी करायची.

मग उलटतपासणी. या जागी कधी मार लागला होता का? ऑपरेशन? टीबी? चरबीला मार बसून झालेली गाठ फोटोत कॅन्सरसारखी दिसू शकते, स्तनाचा टीबीही तसाच दिसू शकतो. तसं काही असतं तर साधा रिपोर्टही फोटोशी जुळला असता. मला यातलं काहीच झालेलं नव्हतं. किती तुकडे काढले? मला माहीत नव्हतं. सुई आत असतानाचे फोटो दिले का? नाही. खुणेची क्लिप ठेवली का? ती काय असते?

मॅडमनी तिथंच लॅबच्या डॉक्टरांना फोन लावला. मला एकच बाजू ऐकू येत होती. “सर, त्या लेफ्ट ब्रेस्टच्या केसमध्ये माझा फोर सी आहे... नाही, स्पिक्युलेटेड... तुम्हाला फॉर्मवर काय लिहून आलं?... हं.” (स्पिक्युलेटेड म्हणजे एका बिंदूतून काट्यांसारख्या रेषा निघालेलं.) त्या ‘हं’वरून मी समजले. तीन शब्दच पुढं गेले होते.

लॅबचे डॉक्टर म्हणाले, ब्लॉक माझ्याकडे आहे, अजून खोल कापून बघतो. तुकडे मेणात बसवून त्याचा ब्लॉक करतात आणि त्यातून तीन-चार मायक्रॉनचे पातळ काप काढून रंगवतात. पहिल्या कापात नसलेलं कधी कधी आत दडलेलं असतं. त्यांनी आणखी काप काढून पाहिले. तेच निघालं. म्हणजे लॅबमध्ये काही राहून गेलेलं नव्हतं. सुईच तिथं गेली नव्हती.

हे पुढच्या सोनोग्राफीत डोळ्यांनी दिसलं. आधीच्या सुईचा निळा-पिवळा डाग अजून होता, तो साधारण चारच्या जागी. मॅडमच्या प्रोबखालची जागा त्याच्या बरीच वर. मी मान वळवून दोन्ही जागा बघितल्या आणि तोंडातून काही तरी गेलं, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

घरात मात्र वेगळंच चाललेलं. गौरी-गणपती तोंडावर आलेले. सासूबाई म्हणाल्या, “देवीनं वाचवलंय, आता कशाला परत उकरून काढायलीस?” शेजारच्या मावशींचं म्हणणं, सुई लावली की पसरतंय. “माझ्या नणंदेचं तसंच झालं बघ. तरी पण जाणार असशील तर मी येतो बरोबर.” आणि खरंच आल्या, डब्यात थालीपीठ घेऊन. सुईनं पसरण्याची भीती मी मॅडमना विचारली. त्यांनी ती उडवून लावली नाही. सुईच्या वाटेवर एखाद-दुसरी पेशी सरकलेली आढळते, पण बायोप्सी केली म्हणून आजार बळावतो किंवा आयुष्य कमी होतं असं दिसलेलं नाही. निदान न करता थांबण्यात धोका जास्त, असं त्यांनी सांगितलं. मावशींना ते पटलं नाही. त्यांची नणंद त्यांना आकडेवारीपेक्षा जवळची.

दुसरी बायोप्सी मॅडमनीच केली. पहिलीत मी डोळे मिटून पडले होते, या खेपेला उघडे ठेवले. आधी त्यांनी बायोप्सी गन हवेतच चालवून दाखवली, खट् असा आवाज होतो, तो ऐकून दचकू नये म्हणून. भुलेचं इंजेक्शन चुरचुरतं. त्यानंतर फक्त दाब. स्क्रीनवर सुई पांढरी रेघ होऊन सरकत येते, काळ्या डागाच्या तोंडाशी थांबते, खट्, आणि रेघ डागाच्या आरपार. प्रत्येक वेळी त्या थांबून तो फोटो साठवायच्या. मग सुई आडवी फिरवून पुन्हा बघायच्या, खरंच मधून गेली का.

तुकडा बाटलीत टाकल्यावर त्या बाटली उजेडात धरायच्या. मी विचारलं, काय बघता? चरबीचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये तरंगतो, त्या म्हणाल्या, घट्ट भागाचा तुकडा खाली बसतो. पहिला पांढरट, दीड-दोन सेंटिमीटरचा, सरळ तळाला गेला. दुसराही. तिसरा थोडा पिवळा होता, अर्धवट तरंगत राहिला. तो बघून त्यांनी सुईची दिशा जराशी बदलली. पहिल्या वेळी माझ्या पदरातल्या बाटलीत काय तरंगत होतं, कोण जाणे.

शेवटी टायटॅनियमची बारीक क्लिप त्या जागी ठेवली. मला वाटलं झालं, तर परत मॅमोग्राफी, दोन फोटो. सोनोग्राफीत दिसलेला डाग आणि मॅमोग्राफीत दिसलेली ओढ हे एकच आहे ना, हे तपासायला. क्लिप बरोबर त्या ओढलेल्या रेषांच्या मधोमध दिसली. इथं मॅडम पहिल्यांदा हसल्या.

आणि फॉर्म. त्यांनी लॅबच्या फॉर्मवर पूर्ण पत्ता लिहिला : कुठली बाजू, घड्याळाच्या कितीवर, किती सेंटिमीटर, काय दिसतंय, श्रेणी कोणती, आधीच्या तुकड्यात काय आलं होतं, आणि कॅन्सर नसेल तर दुसरं काय निघालं तर जुळेल. जागा पुरली नाही म्हणून मागच्या बाजूला लिहिलं. खाली स्वतःचा मोबाइल नंबर.

या वेळी रिपोर्टला वेळ लागला. गौरी आल्या, गेल्या. लॅबमधून फोन आला की आणखी एक तपासणी लावली आहे, दोन-तीन दिवस अजून. ‘आणखी एक तपासणी’ या शब्दांनी ती रात्र काढली ते मीच जाणे. फोन करणाऱ्यानं कशासाठी एवढं सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

रिपोर्ट होता ‘रेडियल स्कार’. मध्ये घट्ट तंतूंचा गाभा, त्यात अडकलेल्या बारीक नळ्या आणि तिथून चारी बाजूंना पसरलेल्या रेषा. कॅन्सर नाही. पण फोटोत हुबेहूब त्याच्यासारखा दिसणारा. आणि मायक्रोस्कोपखालीसुद्धा एका सौम्य प्रकारच्या कॅन्सरशी घोटाळा होऊ शकतो. म्हणून ती जास्तीची तपासणी. साध्या नळीला बाहेरून एका वेगळ्या पेशींचा थर असतो, कॅन्सरमध्ये तो नाहीसा होतो. पी६३ नावाच्या रंगानं तो थर दिसतो का ते बघतात.

मी लॅबच्या डॉक्टरांना विनंती केली, मला दाखवाल का? ते क्षणभर गोंधळले, बहुधा कुणी असं विचारत नसावं. मग खुर्ची सरकवून दिली. नेहमीच्या स्लाइडवर सगळं गुलाबी आणि जांभळं. मध्ये फिकट गुलाबी पट्टा, त्यात दबलेल्या, वाकड्या नळ्या. दुसरी स्लाइड लावली : प्रत्येक नळीच्या कडेनं तपकिरी ठिपके, ओळीनं. “हे ठिपके म्हणजे तो थर. हे आहेत म्हणून तुम्ही निवांत झोपायचं,” ते म्हणाले. मॅमोग्राफीतल्या रेषा आणि स्लाइडवरच्या रेषा एकच आहेत हे मला कुणी न सांगता दिसलं. दोन्ही वेळेला लॅबनं कॅन्सर नाही असंच लिहिलं. पण पहिलं ‘नाही’ भलत्याच जागेबद्दल होतं.

इथं खरं तर गोष्ट संपायला हवी होती, पण रेडियल स्कार त्या मधल्या गाठींत मोडतो. सुईनं काढलेले तुकडे म्हणजे पूर्ण गाठ नव्हे; कडेला कधी बिघडलेल्या पेशी निघतात. सर्जन म्हणाले काढून टाकू. मॅडम म्हणाल्या, बिघडलेल्या पेशी नाहीत, तुकडे भरपूर आहेत, अशा वेळी नुसती नजर ठेवणारेही डॉक्टर आहेत, निर्णय तुमचा. दोघांचं एकमत नव्हतं आणि दोघांनी ते माझ्यासमोर मोकळेपणानं मांडलं, हे मला आवडलं. ४सी हा आकडा डोक्यातून जात नव्हता, म्हणून मी काढून घेतली.

ऑपरेशन लहान. सकाळी सोनोग्राफीत बघून त्या जागी एक तार सोडली, कारण हाताला लागतच नाही तर सर्जन कापणार कुठं. तार चिकटपट्टीनं छातीवर चिकटवलेली, वरून गाऊन, आणि तशीच थिएटरपर्यंत. काढलेल्या भागाचा लगेच एक्स-रे काढला. क्लिप त्यात आहे हे बघितल्यावरच टाके घातले. शेवटचा रिपोर्ट : रेडियल स्कार, पूर्ण निघालेला, बिघडलेल्या पेशी नाहीत. मॅडमनी स्वतःच्या जुन्या रिपोर्टाला पुरवणी जोडली. त्यात एक वाक्य आहे, फोटो आणि पॅथॉलॉजी जुळतात. माझ्या फाइलमध्ये ते पान सगळ्यांत वर आहे.

ऑफिसमधल्या एका मुलीची बायोप्सी परवा ठरली. तिला मी एवढंच सांगितलं : फिल्मची पिशवी मांडीवर ठेवू नकोस, डॉक्टरांच्या टेबलावर ठेव; फॉर्मवर काय लिहिलंय ते वाच; आणि रिपोर्ट आला की ज्यांनी फोटो वाचला त्यांच्याकडेच जाऊन विचार, जुळतंय का. बिलात चूक निघायची वाट बघू नकोस.

पहिल्या हॉस्पिटलला मी दोन्ही रिपोर्टांच्या प्रती जोडून पत्र दिलं. भांडायला नव्हे, त्या तरुण डॉक्टरांना कळावं म्हणून. आवक खिडकीवरच्या बाईंनी पोच म्हणून शिक्का मारून दिला. उत्तर आलेलं नाही. पुढच्या मॅमोग्राफीबद्दल सर्जन वर्षानं म्हणतात, मॅडम डावीकडची सहा महिन्यांनी. मी सहा महिन्यांची तारीख घेतली आहे.